फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी पूर्वज: वंशावळ मिळते, पण त्याचं शेत कसं शोधायचं?

नदीकाठ

न्यू इंग्लंडमधल्या मराठी घरांत फ्रेंच-कॅनेडियन वंशाचा जावई किंवा सून असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मुलं मोठी झाली की दुसऱ्या आजोळची मुळं विचारतात आणि शोध क्वेबेकच्या एखाद्या शेतकऱ्यापाशी पोचतो. 1840 ते 1930 या काळात सुमारे 9 लाख माणसं क्वेबेकमधून अमेरिकेत गेली. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, फॉल रिव्हर इथल्या कापडगिरण्यांत उभी राहिलेली ही माणसं बहुतेक सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातल्या शेतांवरून आलेली होती.

तिथल्या चर्चच्या वह्या इतक्या चांगल्या टिकल्या आहेत की नावं आणि तारखा फारसे कष्ट न पडता 1600 च्या शतकापर्यंत जातात. बहुतेक जण तिथेच थांबतात. तक्ता भरतो, पण तो माणूस कुठल्या पट्ट्यावर नांगरत होता, जमीन किती होती, कोणाकडून आली आणि सात-आठ पोरांतल्या कोणाला गेली, यातलं काही कळत नाही. माझं मत असं की शेतकरी शोधायचा तर चर्चच्या वहीपेक्षा जास्त वेळ नोटरीच्या, म्हणजे दस्त लिहून जपणाऱ्याच्या, दप्तराला द्यावा.

चर्चेसाठी एक काल्पनिक नमुना घेऊ. 1900 ची अमेरिकन जनगणना, गाव रोड आयलंडमधलं वूनसॉकेट, नाव 'लुईस किंग', जन्म 'कॅनडा, फ्रेंच', अमेरिकेत आल्याचं वर्ष 1881, काम कापडगिरणीत. हातात एवढंच आहे. इथून त्याच्या बापजाद्यांच्या बांधापर्यंत कसं पोचाल? क्रम सांगा, कुठे अडतं तेही सांगा.

जुनीवही

नमुना नेमका निवडलात. पण नोटरीकडे धावण्याआधी अमेरिकेतच काही कागद काढावे लागतील. 'कॅनडा, फ्रेंच' यात गाव नाही, आणि गावाशिवाय क्वेबेकच्या दप्तरांत शिरता येत नाही.

सर्वांत आधी त्याच्या लग्नाची चर्चमधली नोंद काढा. राज्य सरकारच्या लग्ननोंदीत बहुधा नुसतं 'कॅनडा' असतं आणि आईबापांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली असतात. गिरणीगावातल्या फ्रेंच चर्चमध्ये मात्र पाद्री बहुधा क्वेबेककडचाच असायचा. तो फ्रेंचमध्ये लिहायचा, दोन्हीकडच्या आईबापांची नावं द्यायचा, आईचं माहेरचं आडनाव द्यायचा आणि पुष्कळदा मूळ पॅरिशही, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतलं गाव तेही. वूनसॉकेटमध्येच अमेरिकन-फ्रेंच जिनिऑलॉजिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे, तिथे अशा नोंदींचे छापील संग्रह आहेत.

लुईसच्या नोंदीत गाव नसेल तर त्याच्या भावाबहिणींच्या नोंदी बघा. अख्ख्या कुटुंबात एखाद्याच्याच कागदावर गावाचं नाव उतरलेलं असतं. सीमेवरच्या याद्यांत वेळ घालवू नका. कॅनडातून येणाऱ्यांच्या सेंट ऑल्बन्सच्या याद्या 1895 पासूनच्या आहेत, हा 1881 चा माणूस त्यांत येणार नाही. त्यानंतर तो परत जाऊन पुन्हा आला असेल तरच. ही कुटुंबं खूप ये-जा करत, एक मूल रोड आयलंडमध्ये जन्मलेलं आणि पुढचं क्वेबेकमध्ये, असं नेहमी दिसतं. त्या क्वेबेकमधल्या बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे गावाचा पत्ताच.

आता आडनाव. किंग म्हणजे बहुतेक वेळा रॉय. ग्रीनवुडचा ब्वाव्हेर, व्हाइटचा लब्लां, बेकरचा बुलांजे. ही भाषांतरं झाली. दुसरा प्रकार कानावरून झालेल्या बदलांचा: गोतिएचा गोकी, आर्शांबोचा शॅम्बो, बनवाचा बेनवे. शोधपेटीत एकच स्पेलिंग टाकून 'काही सापडलं नाही' म्हणणाऱ्यांचं निम्मं काम इथेच अडलेलं असतं.

वेलांटी

वाचनखूण साठवली. रॉय निघाला तर पुढे मोठाच गुंता, नाही का? क्वेबेकमध्ये रॉय म्हणजे आपल्याकडचे पाटील.

मेपलपान

@वेलांटी, गुंता आहे, पण सुटतो. एकट्या नावावर शोधायचंच नाही, जोडीवर शोधायचं. क्वेबेकच्या वहीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने लिहिली जाते. बाप्तिस्म्यात, लग्नात, मृत्यूतही. लुई रॉय शेकडो असतील. पण 'लुई रॉय आणि मार्गरित गान्यों' अशी जोडी एका भागात एका पिढीत सहसा एखादीच.

लग्नाची नोंद ही साखळीची कडी. तिच्यात नवऱ्याचे आईबाप, नवरीचे आईबाप, दोघांची पॅरिश, विधुर किंवा विधवा असल्यास आधीच्या जोडीदाराचं नाव, साक्षीदार आणि त्यांचं नातं येतं. आईबापांची जोडी घ्यायची, त्यांचं लग्न शोधायचं, पुन्हा त्यांच्या आईबापांकडे जायचं. या रीतीने सात-आठ पिढ्या मागे जाता येतं. बाप्तिस्मा आणि दफन हे पुरावे पक्के करायला.

वाचताना या गोष्टी सांभाळा.

नवरा 'सज्ञान' की 'अज्ञान' हे लिहिलेलं असतं. सज्ञानतेचं वय 1782 पर्यंत 25 होतं, त्यानंतर 21. त्यामुळे 1770 च्या लग्नातला 'अज्ञान' मुलगा 24 वर्षांचा असू शकतो.

तारखेत महिन्याच्या जागी 7, 8, 9 किंवा रोमन दहाचा आकडा आणि पुढे 'ब्र' असं लिहिलेलं दिसेल. 7 म्हणजे इथे सप्टेंबर, 8 ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, 10 डिसेंबर. जुलै समजून नोंदवलेले असंख्य सप्टेंबर नेटवरच्या वंशवृक्षांत फिरत आहेत.

1800 च्या शतकात जवळपास प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या आधी मारी लागतं. 'जोसेफ लुई' हाच घरचा लुई. आणि एक लुई तान्हेपणी गेला की पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव देत. दफनाची नोंद न पाहता पहिल्या लुईला आपला धरलं की वय चुकतं आणि पुढचं सगळं चुकतं.

वह्यांच्या दोन प्रती असतात. 1679 पासून दुसरी प्रत न्यायालयाकडे जायची. द्रुआँ या वंशावळ संस्थेने 1940 च्या सुमारास जे चित्रण केलं ते मुख्यतः न्यायालयातल्या प्रतींचं, फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात त्या मुख्यतः चर्चच्या प्रती. प्रत उतरवताना पाद्र्याकडून ओळ गळते, नाव बदलतं, एखादं पान एकीकडे फाटलेलं आणि दुसरीकडे शाबूत असतं. अडलं की दुसरी प्रत बघायची.

रानवारा

एक बारीक गोष्ट. त्या वह्यांत लग्नं बहुतेक सोमवारी किंवा मंगळवारीच का दिसतात? चुकीची तारीख ओळखायला याचा उपयोग होतो का?

मेपलपान

होतो. शुक्रवार-शनिवार मांस वर्ज्य, रविवार प्रार्थनेचा, म्हणून दोन-तीन दिवसांचं जेवणावळीचं लग्न आठवड्याच्या सुरुवातीला. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि नाताळआधीचा आगमनकाळ यांत लग्न लागत नसे, लावायचं तर बिशपची खास परवानगी हवी. त्यातून उरतात नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, म्हणजे शेतीची कामं उरकलेले महिने. मार्चमधल्या एखाद्या शुक्रवारी लग्न दिसलं तर मूळ पान उघडून बघा, सूचीतली तारीख बहुधा चुकलेली असते.

तिरफळ

गोव्यातल्या पॅरिशच्या वह्या चाळलेल्या कोणालाही हा साचा ओळखीचा वाटेल. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये लग्नाची नोंद बंधनकारक केली तिथपासून हे आलं. आमच्याकडे पोर्तुगीजमध्ये, तिकडे फ्रेंचमध्ये, पण गॉडपेरेंट, साक्षीदार, नात्यातल्या लग्नाची सवलत, सगळं त्याच जागी.

त्या सवलतीवरून एक सांगते. नोंदीत 'तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधाची सवलत' असं असेल तर वधूवरांचे पणजोबा-पणजी समान, चौथा अंश म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी. 'तिसऱ्या ते चौथ्या' असेल तर एका बाजूने एक पिढी जास्त. ज्या पिढीत साखळी तुटली आहे तिथे असा एक शब्द सापडला तर समान पूर्वज कोण असू शकतो याचा घेर एकदम लहान होतो.

दप्तरदार

रॉयबद्दल पुढे. क्वेबेकमध्ये पुष्कळ घराण्यांना दुहेरी आडनाव असतं, मधे 'दी', म्हणजे 'उर्फ'. मिव्हिल दी देशेन, ह्यूदों दी बोलिए, रॉय दी देजार्दँ. सैन्यातलं नाव, गावचं नाव, आईकडचं नाव, शेताचं नाव, कशावरूनही पडलेलं. करिन्यां-सालिएर पलटण 1665 मध्ये आली, तिच्यातले सुमारे 400 सैनिक तिथेच जमीन घेऊन राहिले, आणि सैनिकी टोपणनावं त्यांच्यामार्फत वह्यांत भरपूर शिरली. एकाच बापाची तीन मुलं तीन आडनावांनी लग्न करताना दिसतात. आंत्वान रॉय दी देजार्दँ या सैनिकाचे वंशज आज रॉय आहेत, देजार्दँ आहेत आणि लोझिएही आहेत. म्हणून तुमच्या लुईच्या आजोबाचं लग्न 'रॉय'खाली मिळालं नाही तर घाबरू नका, त्या भागातल्या रॉय घराण्यांची जोडनावं काढा आणि त्यांखाली शोधा.

छापील साधनांत तांगे पाद्र्याचा सात खंडांचा कोश, 1871 ते 1890, सर्वांत प्रसिद्ध. त्याच्यावरच विसंबून राहू नका. त्याने एकहाती केलेलं काम थोर आहे, पण दोन माणसं एक झालेली, तारखा सरकलेल्या अशा चुका त्यात भरपूर आहेत. 1730 पर्यंतच्या कुटुंबांसाठी रने जेते यांचा 1983 चा कोश खूपच भरवशाचा. आणि माँट्रियल विद्यापीठात 1966 पासून चालू असलेला पीआरडीएच प्रकल्प सर्वांत वरचा. त्यांनी 1621 पासूनच्या नोंदी कुटुंबवार जुळवल्या आहेत, 1849 पर्यंत. पैसे भरावे लागतात, पण थोड्या पैशांत बराच शोध होतो.

नदीकाठ

सगळं पटतंय, पण बघा, इतके प्रतिसाद झाले आणि अजून नांगर दिसलेला नाही :) सगळं चर्चच्याच वहीभोवती.

मेपलपान

@नदीकाठ, तुमच्या मूळ मताशी माझा विरोध तिथेच आहे. चर्चची साखळी पक्की झाल्याशिवाय नोटरीकडे गेलात तर भलत्याच लुई रॉयचं शेत तुमच्या तक्त्यात येईल. नोटरीच्या कागदात आजोबाचं नाव नसतं, बायकोचंही कधीकधी नसतं. आधी जोडी, मग जमीन.

दप्तरदार

दोघांचंही अर्धं बरोबर. जोडी आधी हवी हे खरं. पण उलटंही घडतं: ज्या वर्षांची वही गहाळ आहे तिथे नोटरीचा कागदच साखळी जोडतो. 1621 पासूनच्या क्वेबेक शहराच्या पहिल्या वह्या 1640 च्या आगीत जळाल्या आणि लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. त्या काळासाठी विवाहकरार महत्त्वाचे. रोबेर द्रुआँ आणि आन क्लुतिए यांचा 27 जुलै 1636 चा करार हा तिथला सर्वांत जुना उपलब्ध विवाहकरार. मुलगी जेमतेम दहा वर्षांची होती, लग्न पुढच्या वर्षी लागलं.

आता नोटरीचं काम नीट सांगतो, कारण धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

फ्रेंच कायद्यातला नोटरी म्हणजे शिक्का मारून देणारा नव्हे. तो दस्त लिहितो, अस्सल स्वतःकडे ठेवतो, पक्षकाराला नक्कल देतो. त्याचं काम थांबलं की सगळं दप्तर न्यायालयाकडे जमा होतं, आणि तिथून आज क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराकडे. पुष्कळशी दप्तरं त्यांच्या संकेतस्थळावर पानागणिक पाहता येतात. प्रत्येक नोटरीची एक कालक्रमाची यादी असते, काहींची नावांची सूचीही. फ्रेंच राजवटीतल्या आणि 1700 च्या शतकातल्या दस्तांसाठी पार्शमँ नावाची संगणकीय सूची आहे, त्यात पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. त्यानंतरच्या काळासाठी नोटरी ओळखून त्याची यादी चाळण्याला पर्याय नाही.

नोटरी ओळखायचा कसा? विवाहकरारावरून. तो लग्नाच्या काही दिवस आधी, बहुधा नवरीच्या गावाजवळच्या नोटरीकडे होई. लग्नाची तारीख तुमच्याकडे आहे. त्या तारखेआधीचे तीन आठवडे त्या भागातल्या प्रत्येक नोटरीच्या यादीत बघा. एकदा घराण्याचा नोटरी कळला की पुढची वीस-तीस वर्षं ते कुटुंब बहुधा त्याच्याकडेच जात राहतं.

शेतकऱ्यासाठी हे चार प्रकारचे दस्त शोधा: जमीनदाराने पट्टा बहाल केल्याचं पत्र, खरेदीखत आणि हक्कविक्री, म्हाताऱ्या आईबापांचं बक्षीसपत्र, आणि मृत्यूनंतरची मालमत्तेची मोजदाद.

शेतसारा

बक्षीसपत्रावर थांबतो, कारण शेती कोणाकडे गेली हे त्यातच असतं. क्वेबेकच्या ग्रामीण भागात पॅरिसचा रूढीकायदा चाले. सामान्य शेतकऱ्याच्या मिळकतीत सगळ्या मुलांना, मुलींनाही, सारखा वाटा. तसे वाटे खरोखर पडले असते तर तीन पिढ्यांत शेताची दोरी झाली असती. म्हणून बाप हयातीतच शेत एका मुलाच्या नावे करी, पुष्कळदा धाकट्याच्या, आणि बाकीच्यांना रोख, गुरं, किंवा दुसरीकडे पट्टा घेऊन देई. थोरला वारसदार असेल असं धरून चालू नका.

बदल्यात तो मुलगा आईबापांना मरेपर्यंत पोसायचा, आणि काय पोसायचं ते दस्तात वस्तुवार: वर्षाला इतके मिनो (धान्याचं माप) गहू किंवा पीठ, खारवलेलं डुकराचं मांस इतके पौंड, दारात आणून फोडलेलं जळण इतके कॉर्ड, तंबाखू, रम, मिठाचं माप, प्रार्थनेला जायला जुंपलेला घोडा, आणि मेल्यावर आत्म्याच्या शांतीसाठी इतक्या प्रार्थना. एक कलम तर 'न मरणारी गाय' असं असतं, म्हणजे गाय मेली की मुलाने दुसरी आणून बांधायची.

बक्षीसपत्र न मिळाल्यास बापाच्या मृत्यूनंतरच्या पाच-दहा वर्षांत भावंडांची छोटी छोटी खतं शोधा. एक भाऊ बाकीच्यांचे वाटे एकेक करून विकत घेतो. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखं, पण पैसे मोजून. त्या खतांत मेहुण्यांची नावं येतात, आणि हरवलेल्या बहिणी अशाच सापडतात.

वेलांटी

न मरणारी गाय कलमात घालणाऱ्या नोटरीला माझा नमस्कार.

गुंठेवारी

मापांबद्दल लिहितो, इथे फार लोक घसरतात. आर्पाँ हे लांबीचंही माप आहे आणि क्षेत्रफळाचंही, शब्द एकच.

लांबीचा आर्पाँ 180 फ्रेंच फूट, म्हणजे सुमारे 58.5 मीटर. फ्रेंच फूट 32.48 सेंमी, इंग्रजी 30.48. इंग्रजी फूट धरला तर प्रत्येक मापात साडेसहा टक्के फरक पडतो आणि नकाशावर शेत शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. चौरस आर्पाँ म्हणजे सुमारे 0.845 एकर, आपल्या हिशोबाने जवळपास 34 गुंठे.

नेहमीचा पट्टा नदीकाठी 3 आर्पाँ रुंद आणि 30 आर्पाँ खोल. म्हणजे 175 मीटर रुंद, पावणेदोन किलोमीटर लांब, क्षेत्र 90 आर्पाँ, सुमारे 76 एकर. खतात '3 आर्पाँची जमीन' असं दिसलं तर ती रुंदी आहे, अडीच एकराचा तुकडा नव्हे. खोली पुष्कळदा 'नेहमीप्रमाणे' म्हणून सोडून दिलेली असते. नदीकाठची पहिली रांग भरली की मागे दुसरी रांग, मग तिसरी. 'दुसरी रांग' या दोन शब्दांवरून शेत नदीपासून किती आत ते कळतं.

धान्याचं माप मिनो, सुमारे 39 लिटर. पैसा लीव्हर, 20 सू चा एक, आणि सू 12 दनिएचा.

जुनीवही

@गुंठेवारी, फार उपयोगी. एक पुरवणी: हे सगळं सेंट लॉरेन्सकाठच्या जमीनदारी भागाला लागू. पूर्वज 1800 च्या शतकात ईस्टर्न टाउनशिप्समध्ये सरकला असेल तर तिथे मोजणी इंग्रजी, माप एकरात, प्लॉट चौकोनी, जमीनदार नाही, सरकारी सनद. तिथे पट्टा बहाल केल्याचं पत्र शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. एकाच घराण्यात बाप जमीनदारी भागात आणि मुलगा टाउनशिपमध्ये असं सर्रास दिसतं.

शेतसारा

जमीनदाराचीही दप्तरं आहेत. शेतकरी त्याला दरवर्षी साँस आणि रांत नावाचा खंड भरायचा, जमीन बाहेरच्याला विकली की किमतीचा बारावा हिस्सा जमीनदाराला. वारसाला किंवा मुलाला दिली तर हा बारावा हिस्सा लागत नसे, बक्षीसपत्रं इतकी का दिसतात याचं तेही एक कारण. ही पद्धत 1854 मध्ये मोडली. बोप्रेचा किनारा क्वेबेकच्या सेमिनरीकडे, माँट्रियल बेट सल्पिशियन पाद्र्यांकडे होतं. अशा संस्थांची खातेपुस्तकं खासगी जमीनदारांच्या मानाने खूप चांगली राहिली. जमीनदाराने राजाला द्यायच्या विवरणपत्रात एकेक शेतकरी, त्याची रुंदी, लागवडीखालचं क्षेत्र, घर, कोठार, गोठा असं येतं. ते मिळालं तर एका पानावर अख्खी रांग शेजाऱ्यांसकट दिसते.

जुन्या काळासाठी 1709 चा गेदेओं द कातालोन्यचा नकाशा बघा, क्वेबेक परिसरातल्या पट्ट्यांवर धारकांची नावं आहेत. त्याआधीच्यासाठी इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी 1663 सालची जमीनधारणा पट्टावार मांडली आहे.

रानवारा

जनगणनेचं कोणीच बोललं नाही?

मेपलपान

बोलू या. 1666 ची पहिली, पण शेतकऱ्यासाठी 1667 ची चांगली, कारण तिच्यात गुरं आणि लागवडीखालची आर्पाँ आहेत. 1681 मध्ये बंदुकाही. त्यानंतर घरटी नावांची मोठी जनगणना थेट ब्रिटिश काळात: 1825, 1831, 1842 फक्त कुटुंबप्रमुख, 1851 पासून सगळी माणसं.

1851 ची प्रत्यक्षात जानेवारी 1852 मध्ये झाली. आणि 1851 आणि 1861 दोन्हींत वय 'पुढच्या वाढदिवसाला किती' असं विचारलेलं आहे. एक वर्ष वजा केलं नाही तर बाप्तिस्मा चुकीच्या वर्षी शोधला जातो.

या दोन्हींना आणि 1871 ला शेतीची वेगळी पत्रकं आहेत: रांग, प्लॉट, एकर, गहू, ओट, वाटाणे, बटाटे, मेपलची साखर, लोणी, लोकर. खूप लोक फक्त माणसांचं पान बघून बंद करतात. शेतीचं पान वेगळ्या ठिकाणी असतं, नाव सूचीत नसतं, गावाची पानं उलटावी लागतात. काही गावांची 1851 ची पत्रकं टिकलेली नाहीत. 1881 पासून पुढे शेतीची पत्रकं राहिलीच नाहीत, फक्त माणसांची. म्हणून 1871 चं पान सर्वांत मोलाचं. आपला लुई 1881 मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या बापाचं शेत दिसण्याची ती शेवटची संधी.

वेलांटी

आणि डीएनए चाचणी? मुलं हल्ली तिथूनच सुरू करतात.

दप्तरदार

शेतापर्यंत तिने पोचता येत नाही. आणि या समाजात तिचे आकडे फसवतात. काही हजार मूळ वसाहतकऱ्यांची प्रजा, दोन-तीनशे वर्षं आपसांत लग्नं, त्यामुळे दोन माणसांत पाच-सहा बाजूंनी दूरचं नातं असतं. सामायिक डीएनए जमून जमून वाढतो आणि आठव्या पिढीचा नातेवाईक चौथ्या-पाचव्या पिढीचा वाटतो.

तिरफळ

थोडा विरोध नोंदवते. आई कोण हेच माहीत नाही, किंवा मूल अनाथालयातून आलं, अशा वेळी कागद मुके असतात आणि चाचणीच बोलते. आईकडून आईकडे जाणारा डीएनए तर 1663 ते 1673 दरम्यान फ्रान्सच्या राजाने पाठवलेल्या सुमारे 770 मुलींपर्यंत पोचवतो, आणि त्यासाठी मातृवंशाची कागदी साखळी क्वेबेकइतकी भक्कम फार थोड्या ठिकाणी मिळेल.

दप्तरदार

तिथे मान्य.

रानवारा

समजा मागे मागे जात पहिल्या माणसापर्यंत पोचलो. फ्रान्समध्ये पुढे?

जुनीवही

फिशिए ओरिजीन नावाची विनामूल्य सूची बघायची. फ्रान्समधला मूळ दाखला सापडलेलेच लोक तिच्यात आहेत, म्हणून विश्वसनीय. मग त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पॅरिशची वही. उत्तर अमेरिकेतल्या त्रांब्ले घराण्याचा मूळपुरुष पिएर त्रांब्ले घ्या: पेर्श प्रांतातल्या रांदोनेचा, 1647 मध्ये कराराने आला, 2 ऑक्टोबर 1657 ला क्वेबेकमध्ये ओझान आशोंशी लग्न, शेती बोप्रे किनाऱ्यावर लांज-गार्दियाँला. कराराने आलेल्यांची मुदत सहसा तीन वर्षं, आणि ते करार पुष्कळदा ला रोशेलच्या नोटरींकडे. ते दस्त आता शारांत-मारितिमच्या अभिलेखागारात. तिथे मजुरी, आगाऊ रक्कम, मूळ गाव मिळू शकतं.

नदीकाठ

मूळ प्रश्नावर परत येते. समजा चर्चची साखळी झाली, लुईचा बाप 1871 च्या शेतीच्या पानावर मिळाला, दुसऱ्या रांगेत 80 एकर. आजच्या नकाशावर तो तुकडा कोणता हे कसं ठरवायचं?

गुंठेवारी

सर्वांत सोपी वाट वरून खाली. 1860 नंतर क्वेबेकमध्ये अधिकृत कॅडॅस्टर झालं, पॅरिशवार प्रत्येक तुकड्याला क्रमांक. त्या क्रमांकाखाली मिळकतीची सूची उघडते, आपल्या फेरफार वहीची आठवण व्हावी अशी: कोणी कोणाला, कधी, कोणत्या दस्ताने. ती भूमी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून दिसते. बापाच्या नावाने नोंदणी कार्यालयातलं एक तरी खत मिळवा, त्यात क्रमांक असेल. मग त्या क्रमांकाखाली पुढचे सगळे मालक सापडतील.

अडचण अशी की 1990 च्या दशकापासून कॅडॅस्टरचं नूतनीकरण झालं आणि तुकड्यांना सात आकडी नवे क्रमांक मिळाले. जुना क्रमांक आजच्या नकाशावर थेट सापडत नाही, दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता बघावा लागतो. पॅरिशचं कॅडॅस्टरमधलं नाव आणि आजच्या नगरपालिकेचं नावही वेगळं असू शकतं.

शेतसारा

आणि कॅडॅस्टरच्या आधीचं शेजाऱ्यांवरून. जुन्या खतात क्रमांक नसतो, चतुःसीमा असते: पुढे नदी, मागे दुसऱ्या रांगेच्या जमिनी, एका बाजूला अमुक, दुसऱ्या बाजूला तमुक. एकट्या खतावरून जागा ठरत नाही. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची खतं काढा, त्यांच्या शेजाऱ्यांची काढा, आणि रुंदी मांडत जा. चर्च, गिरणी किंवा ओढा यांतलं काहीतरी एखाद्याच्या सीमेत येतंच, आणि मग सगळी रांग जागेवर बसते. शेजारी विधवा असेल तर तिचं नाव माहेरच्या आडनावाने येईल हे विसरू नका, नाहीतर तिथे एक नवाच मालक उभा राहतो.

मृत्यूनंतरची मोजदाद मिळाली तर हे काम निम्मं होतं. तिची सुरुवात चुलीवरच्या साखळीपासून आणि कढयांपासून होते, मग बिछाने, मग कोठारातला गहू, चाकांचा नांगर, बैल. लोक तिथेच रमतात. पण शेवटचा भाग 'कागदपत्रे' हा असतो. घरातल्या पेटीत सापडलेला प्रत्येक जुना दस्त, त्याची तारीख आणि तो लिहिणाऱ्या नोटरीचं नाव नोटरीने तिथे उतरवलेलं असतं. मी तर आधी तीच शेवटची पानं उघडतो.

नदीकाठ

@शेतसारा, मोजदाद नेमकी कधी झालेली असते? मृत्यूनंतर लगेच?

शेतसारा

नेहमी नाही. अज्ञान मुलं मागे असतील आणि उरलेला जोडीदार पुन्हा लग्न करणार असेल तेव्हा ती करावीच लागे, म्हणून दफनाच्या तारखेपेक्षा दुसऱ्या लग्नाच्या आधीचे दोन-तीन महिने बघा. मुलांचा पालक नेमल्याचा कागद न्यायालयाच्या दप्तरात वेगळा असतो, त्यात सात नातेवाइकांची नावं नात्यासकट असतात. तो आधी मिळाला तर मोजदादीची तारीख त्याच्या जवळपासच.